संकल्पचित्राचा धडा ओव्हलवर

महोदय,

एलिमेंटरी-इंटरमीजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांच्या संकल्पचित्रासाठी (डिझाइनसाठी) मुले गाइडमधली तीच ती फुले-पाने गिरवतात. मुंबईतल्या मुलांना यापेक्षा चांगला नमुना फुकटात मिळतो, तो ओव्हल मैदानावर. पूर्वेला टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतले उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला सरळ रेषा नि गोलसर कोपऱ्यांच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींची रांग. 2018 पासून हा सगळा परिसर जागतिक वारशात आहे.

वेळ मात्र साधायला हवी. आर्ट डेको रांगेवर ऊन सकाळी पडते, गॉथिक बाजूवर दुपारनंतर. उलट वेळी गेलात तर समोर नुसती काळी आकृती दिसते आणि नक्षी हरवते.

अख्खी इमारत काढायचा मोह टाळावा. तासाभरात निम्मी होते नि मूल कंटाळते. आर्ट डेको रांगेतली एकच खिडकी घ्यावी. तिच्यावरचा आडवा छज्जा ऊन-पाऊस अडवतो, आणि त्याच्या सावलीचा पट्टा हीच खरी नक्षी! हात ताठ धरून पेन्सिलीवर एका मजल्याची उंची मोजावी, मग त्या मापात खिडकीची रुंदी किती वेळा बसते ते पाहावे. कोपर वाकले की माप चुकते. 2बी पेन्सिल आणि ए5 वही पुरे. जलरंग वापरणार असाल तर कागद 200 जीएसएमच्या (कागदाच्या दर चौरस मीटरमागे ग्रॅममधले वजन) खाली नको, फुगतो. वॉटरप्रूफ पेनची शाईसुद्धा पूर्ण वाळल्याशिवाय वर रंग लावू नये, पसरते.

कलाशिक्षकांनी निदान एक तास तरी वर्गाबाहेर घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, मुंबई