शाल टाकण्याआधी आमची पावती तरी बघायची होती, पालकमंत्री साहेब

मा. पालकमंत्री महोदय यांसी,
स. न. वि. वि.

रविवारी तालुक्याच्या ठिकाणी आपण ज्या समाजसेवकांच्या खांद्यावर शाल टाकली, त्यांच्याविरुद्धचा अर्ज मी जनता दरबारात आपल्याच हातात दिलेला आहे. "ताई, महिनाभरात चौकशी लावतो," हा शब्द आपला. त्याला पावसाळा उलटून गेला. चौकशीचा कागद काही आला नाही, सत्काराचा फोटो मात्र गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आला. फोटोत मागे गाडगेबाबांची तसबीर. लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या करून स्वतः मडकं घेऊन हिंडलेला माणूस वर, आणि खाली हे.

विसरला असाल म्हणून पुन्हा सांगते. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्यातले दोघे बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणजे आम्हाला घरचेच. आठवडाभरात हे गृहस्थ जीपला तिरंगा बांधून गावात आले. शहिदांच्या घरच्यांना मदत आणि उरलेल्या पैशातून गावात अभ्यासिका, असं माईकवरून बोलले. फरदडीच्या, म्हणजे हंगाम सरल्यावर पुन्हा घेतलेल्या कापसाची वेचणी सुरू होती, किलोमागे आठ-दहा रुपये मिळायचे. गटातल्या बायांनी एका दिवसाची सगळी मजुरी दिली. बचत गटाची अध्यक्ष मी, म्हणून घरोघरी मीच हिंडले.

पावती आत्ता समोर आहे. गुलाबी कागद, नोंदणी क्रमांकाची जागा कोरी, शिक्का अर्धाच उमटलेला, आणि खाली ठळक अक्षरात: ८०जी अन्वये आयकरात सूट. कापूस वेचणाऱ्या बायांना आयकरात सूट! उपकार झाले.

गृहमंत्रालयाचं 'भारत के वीर' पोर्टल २०१७ पासून चालू होतं. तिथून पैसे जवानाच्या घरच्यांच्या नावे जमा करता येत होते. हे आम्हाला ना तलाठ्याने सांगितलं, ना ग्रामसेवकाने, ना मेणबत्त्या घेऊन फिरलेल्या तुमच्या कार्यकर्त्यांनी. गल्लीतल्या पोरांना गणपतीची वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कायदा १९५० चा आहे. जवानांच्या नावाने जीप फिरवणाऱ्याला परवानगी कोणी विचारली? आमच्या एका तालुक्यातून त्याने पाच लाख नेले म्हणतात, कोणी दहा म्हणतं. छापील हिशेब असता तर हा अंदाज करायची पाळी कशाला आली असती?

अभ्यासिकेची एक वीट आली नाही. भोगतं कोण? मी. हळदी-कुंकवाला गेलं की कोणीतरी म्हणतंच, "तुया भरवशावर देल्ले होते व बाई!" बँकेचा हप्ता मागायला गेले तर बाया म्हणतात, आधी ते पैसे आण. गट मोडला. माझ्या सासूबाई वारल्या, पण शेवटच्या दुखण्यातही आपल्या शंभर रुपयांचं काय झालं ते विचारत होत्या. मला बीपीची गोळी सुरू झाली. तुमच्या शालीची किंमत कळली का साहेब?

त्याच वर्षी १ मे ला गडचिरोलीत जांभुळखेड्याला भूसुरुंगात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. आपल्या विदर्भात. गावाने हळहळ केली, पण डब्यात कोणी पैसा टाकला नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, तेव्हा गावाने ठरवलं की संस्था नको, आपणच टेम्पो न्यायचा. नेला. कडबा आणि धान्य हायवेलगतच्या पहिल्या दोन गावांतच संपलं, कारण तिथे आधीच दहा टेम्पो उभे होते आणि आतल्या गावांचा रस्ता दाखवणारं कोणी ओळखीचं नव्हतं. ते काम प्रामाणिक संस्था करतात. पण आता त्यांनाही आमच्या दारात चहा मिळत नाही.

आणि आम्ही हिशेब मागायला शिकावं तरी कोणाकडून? २०२० मध्ये पीएम केअर्स निघाला. लोकांनी विचारलं, तर पंतप्रधान कार्यालय म्हणालं, हा निधी माहिती अधिकारात येत नाही. वरच असं, तर खालच्या जीपवाल्याने का लाजावं? मतं मागायला दारात येता तेव्हा आम्ही मायबाप जनता, आणि आमच्याच पैशाचा हिशेब मागितला की अर्जदार.

मागणं फार नाही. वर्गणी मागणाऱ्या प्रत्येक संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. या गृहस्थांची चौकशी व्हावी. शाल परत घ्या म्हणत नाही, थंडीचे दिवस आहेत.

पावत्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. अस्सल पावत्या देणार नाही, कारण मागच्या अर्जाची पोचसुद्धा तुमच्या माणसांनी अजून दिलेली नाही.

कळावे,
मोडलेल्या बचत गटाची अध्यक्ष,
पैनगंगेच्या काठावरून