पैसे भरून छापलेले आणि स्वतः प्रकाशित केलेले

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे स्वप्रकाशित पुस्तकांवर जे टिपण आले, त्यात निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहू लागलेल्या मंडळींची, विशेषतः प्रेमकथा लिहिणाऱ्या बायकांची, बरीच खिल्ली उडवली होती. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले की लेखक व्हायची हुक्की येते, पैसे मोजले की कोणाचेही पुस्तक निघते आणि असली पुस्तके वाचनालयांनी देणगी म्हणूनसुद्धा ठेवून घेऊ नयेत, असा त्याचा एकूण सूर होता. मी त्याच मंडळींपैकी एक आहे. सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर 32 वर्षे काढून 2015 साली साठाव्या वर्षी मी निवृत्त झाले, बासष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी काढली आणि आज सत्तरीत तीन कादंबऱ्या माझ्या नावावर जमा आहेत. तिन्ही प्रेमकथाच आहेत. टिंगलीचे मला फारसे वाईट वाटले नाही, कारण घरी ती रोज होते. वाईट वाटले ते दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली घातल्या गेल्याचे. पैसे भरून पुस्तक छापून घेणे ही एक गोष्ट आणि स्वतः प्रकाशक होणे ही दुसरी. मी दोन्ही केल्या आहेत.

पहिली कादंबरी 2017 साली गोव्याबाहेरच्या एका कंपनीकडून काढली. ‘लेखक पॅकेज’ असे त्यांच्या योजनेचे नाव होते आणि त्यासाठी मी 48,000 रुपये भरले. त्यात मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, छपाई, 100 प्रती आणि ‘आयएसबीएन शुल्क’, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचे शुल्क, म्हणून 3,000 रुपये अशा बाबी होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बिले तपासणाऱ्या बाईने स्वतःच्या बिलातली ही ओळ न तपासता मान्य केली, याची लाज मला आजही वाटते. आयएसबीएन हा तेरा आकडी क्रमांक आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणारी केंद्र सरकारची यंत्रणा विनामूल्य देते, हे मला नंतर कळले. हस्तलिखित त्यांनी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करून मग युनिकोड या आताच्या सर्वमान्य पद्धतीत बदलले. त्या बदलात एक चमत्कार झाला. माझी नायिका पेडणे तालुक्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर राहते, त्यामुळे ‘दर्या’ हा शब्द पुस्तकात पानोपानी आहे. तो सगळीकडे ‘दऱ्या’ होऊन छापला गेला. ‘दर्या खवळला होता’ हे वाक्य ‘दऱ्या खवळला होता’ असे झाले आणि विरहाने व्याकूळ झालेली नायिका रोज संध्याकाळी पेडणे तालुक्यात नसलेल्या दऱ्यांवर नजर लावून बसली. मी मोजले, एकूण 43 ठिकाणी. तपासण्यासाठी फाइल मला पाठवली होती, तीन दिवसांची मुदत होती आणि मी ती मोबाइलच्या पडद्यावर चाळून ‘ठीक आहे’ असे कळवले होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

करारपत्रात पुस्तकाचे ‘सर्व हक्क’ कंपनीकडे दिलेले होते आणि किती काळासाठी, याचा उल्लेखच नव्हता. मी धरून चालले होते की पुस्तक कायमचे गेले. पुढे एका पावसाळ्यात, गुडघ्याच्या दुखण्याने घरी बसून असताना, 1957 चा कॉपीराइट कायदा मुळातून वाचून काढला. सरकारी नोकरीत कलमे वाचायची सवय असते, ती अशी उपयोगी पडली. कलम 19 मध्ये स्पष्ट लिहिले आहे की हक्क हस्तांतरित करताना मुदत सांगितली नसेल, तर ती पाच वर्षांची समजावी, आणि प्रदेश सांगितला नसेल, तर तो भारतापुरता समजावा. म्हणजे 2022 साली माझी कादंबरी माझ्याकडे परत यायची होती. मी तीन पत्रे लिहिली. तिसऱ्या पत्राला एका ओळीचे होकारार्थी उत्तर आले आणि दुसरी आवृत्ती मी स्वतः काढली, दर्यासकट. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी असे करार केले असतील त्यांनी कपाटातून कागद काढून मुदतीचा रकाना पाहावा, अशी माझी विनंती आहे.

दुसरी कादंबरी 2019 साली मी पहिल्यापासून स्वतःच प्रकाशित केली, आणि तेथे मला प्रकाशक या शब्दाचा अर्थ कळला. आयएसबीएनसाठी अर्ज मीच केला. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील एकेका ग्रंथालयाला प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. त्या चार प्रती मी खाकी कागदात बांधून माशेलच्या टपाल कार्यालयातून रवाना केल्या. मजकूर मीच युनिकोडमध्ये टाइप केला, दोन बोटांनी, सात महिने. मुद्रितशोधन मात्र पैसे देऊन करून घेतले. माझ्या मते स्वतः करू नये असे एकच काम आहे आणि ते हे, कारण आपल्याच वाक्यातली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. मुद्रितशोधक बाईंनी चुका तर काढल्याच, शिवाय मधली साठ पाने निघाली तरी कथेचे काही बिघडत नाही, असे पेन्सिलीने समासात लिहून पाठवले. मी दोन दिवस जेवले नाही. मग साठ पाने काढली.

हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. पुस्तक डेमी आकाराचे, 176 पानांचे, म्हणजे सोळा पानांचा एक याप्रमाणे अकरा फॉर्मचे. 300 प्रतींच्या छपाईला आणि बांधणीला 25,500 रुपये, मुद्रितशोधनाला 7,000, मुखपृष्ठाच्या चित्राला 5,000, असा एकूण 37,500 रुपये खर्च आला, प्रतीमागे 125. किंमत ठेवली 220. विक्रेता चाळीस टक्के कापून घेतो, म्हणजे दुकानातून विकल्या गेलेल्या प्रतीचे 132 रुपये हाती येतात आणि सुटतात सात. दोन वर्षांत दुकानांतून 90 आणि हातोहात 124 प्रती गेल्या, त्यांचे 39,160 रुपये आले. भेट दिल्या 31, कायद्याच्या चार, आणि उरलेल्या 51 प्रती पलंगाखाली होत्या. कागदोपत्री 1,660 रुपये शिल्लक दिसते, पण टपालखर्च धरला तर तोटाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या 51 प्रतींना बुरशीपासून वाचवायला किती डांबरगोळ्या लागल्या, त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही. ई-बुकचे गणित वेगळे आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तक ठेवता येते, पण भारतातल्या विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असेल तर नव्वद दिवसांच्या मुदतीने ते दुसरीकडे कोठेही ई-बुक म्हणून न विकण्याचे बंधन येते, नाहीतर पस्तीस टक्के. माझे निम्मे वाचक आता तेथेच आहेत आणि त्यांतले बरेच परदेशी नोकरीला गेलेल्या मुलांकडे राहायला गेलेले माझ्याच वयाचे लोक असावेत, असे त्यांच्या अभिप्रायांवरून वाटते.

ज्याला आपण ‘पैसे मोजून लेखक होणे’ म्हणतो त्यात हा हिशेब लेखकापुढे कधी येतच नाही. पॅकेज देणाऱ्याचा नफा पुस्तक छापण्याआधीच झालेला असतो, म्हणून पुस्तक विकले जावे किंवा निदान शुद्ध छापले जावे, याची त्याला निकड नसते. स्वतः प्रकाशक झालेल्या माणसाला प्रत्येक प्रतीची निकड असते.

टिपणात असेही सुचवले होते की ही स्वप्रकाशनाची लाट आजकालची आहे. जुन्या मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ‘हे पुस्तक ग्रंथकर्त्याने छापवून प्रसिद्ध केले’ ही ओळ ओळखीची असेल. आगाऊ वर्गणी देणाऱ्या आश्रयदात्यांच्या याद्याही त्यांत छापलेल्या सापडतात. आपल्या गोव्यापुरते बोलायचे, तर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत खिशात मावणाऱ्या ‘रोमान्सी’ निघत. त्या मुंबईत छापल्या जात, तेथले गोवेकर आणि बोटींवरचे तारवटी, म्हणजे खलाशी, त्या हातोहात वाचत, आणि तेथे ‘रोमान्स’ या शब्दाचा अर्थच कादंबरी असा झाला. त्या लिहिणाऱ्यांना कोणत्या साहित्य संमेलनाने विचारले होते? नोकरीच्या काळात माझी बस रोज बाणस्तारीवरून जुने गोवे आणि रायबंदर करत पणजीला जायची. जुन्या गोव्यातल्या ज्या सेंट पॉल कॉलेजात 1556 साली भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, त्याची आता एक कमान तेवढी उरली आहे. माझ्या पहिल्या कादंबरीची टिपणे त्याच रस्त्यावर, बसमध्ये, तिकिटांच्या मागच्या बाजूला लिहिलेली आहेत. यातून काही सिद्ध होते असा माझा दावा नाही, पण आठवण आली म्हणून सांगितले.

आता प्रेमकथांविषयी. सत्तरीच्या बाईने प्रेमावर लिहिणे हास्यास्पद वाटते, ते प्रेम म्हणजे कॉलेजच्या पायऱ्यांवर होणारी गोष्ट असे आपण धरून चालतो म्हणून. माझ्या दुसऱ्या कादंबरीतला नायक एकसष्ट वर्षांचा विधुर आहे, नायिका चोपन्न वर्षांची अविवाहित परिचारिका, आणि दोघांची ओळख चोडणच्या फेरीबोटीवर होते. गोव्यात विवाहाची नोंदणी करताना सही दोनदा करावी लागते हे आपण जाणतोच; पहिली सही, मग हरकती मागवणारी सूचना लागते, आणि मुदत संपल्यावर दुसरी सही. माझी सगळी कादंबरी त्या दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत घडते. आधी वेगळा करार केला नाही तर आपल्याकडे विवाहाने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि मुलांचा राखीव वाटाही कायद्याने ठरलेला असतो. त्यामुळे नायकाच्या दोन्ही मुलांना बापाच्या प्रेमाविषयी अचानक फार काही बोलायचे असते. विशीतल्या जोडप्याच्या आड जात, पत्रिका, पगार येतात. साठीतल्या जोडप्याच्या आड घराचा उतारा येतो. हे मी माझ्या टेबलावरून 32 वर्षे पाहिले आहे. ते विशीत मला लिहिता आले नसते, कारण तेव्हा मला उतारा वाचता येत नव्हता.

भाषेचा एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. माझी पात्रे घरात कोकणी बोलणार, हे उघड आहे, आणि मी लिहिते मराठीत. संवाद शुद्ध मराठीत घातले तर चोडणची माणसे सदाशिव पेठेत राहायला गेल्यासारखी वाटतात. कोकणीत घातले तर पुण्याचे वाचक अर्थ विचारतात. मी मधला मार्ग काढते, पण ‘मोग’ हा शब्द सोडत नाही. ‘प्रेम’ म्हटले की त्यात थोडे नाटक येते, ‘माया’ म्हटले की आईची आठवण होते. ‘मोग’ या दोहोंच्या मध्ये बसतो आणि आपल्याकडे तो माणसावर, गावावर, मासळीच्या हुमणावरही, म्हणजे कालवणावरही, करता येतो. मुद्रितशोधक बाईंनी त्यावर प्रश्नचिन्ह काढले होते. त्यांच्या साठ पानांपुढे मी मान तुकवली, येथे नाही.

स्वप्रकाशित पुस्तकांत सुमार पुस्तके पुष्कळ असतात, हे टिपणकारांचे म्हणणे मला मान्य आहे. नको म्हणणारा कोणी नसला की लेखक सैल सुटतो, आणि माझी पहिली कादंबरी त्याचा पुरावा आहे. परंतु वाचनालयाने पुस्तक नाकारायचे असेल तर ते चार पाने वाचून नाकारावे. प्रकाशकाच्या जागी लेखकाचेच नाव दिसले म्हणून गठ्ठा न सोडता परत करू नये, जसा एका वाचनालयाने माझा केला. आपल्या पुरवणीत ‘पुस्तक पोच’ हे सदर असते. त्यात नामांकित प्रकाशनांच्या खालोखाल स्वप्रकाशित पुस्तकांसाठी दोन ओळी ठेवता आल्या तर पाहावे: नाव, पाने, किंमत आणि प्रत कोठे मिळेल, एवढेच. शिफारस कोणी मागत नाही. त्याच पानावर एखाद्या जाणकाराने कॉपीराइटच्या कराराविषयी लिहिले, तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या अनेकांचे पैसे वाचतील.

शेवटी एक अडचण. मी टोपणनावाने लिहिते, कारण गावात खरे नाव कळले तर नायक कोण याचा शोध देवळाच्या सभामंडपात सुरू होईल आणि माझ्या यजमानांना उगाच त्रास होईल. इतके सगळे ठासून लिहिल्यावर नाव लपवणे शोभत नाही, हे मला कळते; तरीही पत्राखाली माझे नाव छापू नये, ही विनंती. तिसऱ्या कादंबरीची प्रत सोबत पाठवत आहे. पान 88 वर ‘दर्या’ बरोबर आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी,
माशेल, फोंडा