मीठ बरणीत घालू नकोस

कोल्हापूर
रविवार, रात्र

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

तू टाकोच्या मसाल्याचं, म्हणजे मेक्सिकन पोळीत भरायच्या त्या खिम्याच्या मसाल्याचं विचारलंस आणि आईनं मध्येच फोन ओढून घेतला, त्यामुळं नीट सांगायचं राहिलं. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यासारखं हे नाही, आणि माझे व्हॉइस मेसेज तू अर्धेच ऐकतेस. म्हणून हे पत्र. यात फक्त मसाला. तुझ्या बीपीबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, त्यावर आई रोज बोलतेच.

तू पाठवलेला तयार मसाल्याच्या पाकिटाचा फोटो मोठा करून वाचला. दोन चमच्यांत 350 मिलिग्रॅम सोडियम, आणि पाकिटात असे 6 हिस्से. म्हणजे एका पाकिटात 2100. माणसानं दिवसभरात 2000 च्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सगळं मिळून 5 ग्रॅम मीठ, चहाचा चमचासुद्धा पुरता भरत नाही. घरात तुम्ही तिघं. पिहू अर्धा टाको खाऊन उठते, निखिलला नेमका तुमच्या टाकोच्या दिवशी, मंगळवारी, उशीर होतो. मग ते पाकीट जातं कुणाच्या पोटात? गोळी सकाळी घेतेस की रात्री? असो. मसाला.

पाकिटात मिरची आणि जिऱ्याबरोबर मक्याचं पीठ, साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचीच एक पूड, आहे. विषारी काही नाही. रस खिम्याला धरून राहावा म्हणून पीठ लागतंच. पण ज्याचं आयुष्य कांडपात गेलं त्याला हे बघवत नाही. मिरचीच्या भावानं मीठ आणि पीठ विकत घेणं झालं हे.

आता मुद्द्याचं. आपल्या चटणीत आपण मीठ कांडतानाच घालतो, कारण तिच्यात कांदा असतो, लसूण असतो, खोबरं असतं, तेल असतं. मिठावर ती वर्षभर टिकते. टाकोच्या मसाल्यात ओलं काहीच नाही. त्याला टिकायला मीठ लागत नाही, मीठ तिथं फक्त चवीला असतं. मग ते बरणीत कशाला घालायचं? एकदा बरणीत गेलं की मसाला वाढवशील तेवढं मीठही वाढणार, तुझ्या हातात काही राहणार नाही. मीठ कढईत घाल, शेवटी, चाखून. 450 ग्रॅम खिम्याला पाव लहान चमचा पुरतं. त्यात सोडियम साधारण पावणेसहाशे, तेही सगळ्यांत मिळून. उतरवल्यावर लिंबू पिळ. आंबट पुढं आलं की जीभ मीठ मागत नाही.

मिरच्या मात्र तिकडच्याच घे. इंडियन स्टोअरमधली ब्याडगी घालून रंग येईल, पण टाकोची चव येणार नाही. टेक्सासात, सॅन अँटोनियोत राहून मिरचीला कसली कमी? आंचो घे, म्हणजे वाळलेली पोब्लानो. काळपट, सुरकुतलेली, रुंद असते, हुंगलीस की मनुकांचा वास येतो. दुसरी ग्वाहीयो, सालीला गुळगुळीत, जरा आंबटसर. तिखट हवं असेल तर बारीक आर्बोल, आपल्या लवंगीचं काम ती करेल. पण एकच टाक. तुमच्या त्या एचईबी सुपरमार्केटात मी मिरच्यांच्या पिशव्यांपुढं इतका वेळ उभा राहिलो होतो, की निखिल मला शोधत सुटला होता.

समोरच्या मेक्सिकन आजींनी तेव्हा मला सांगितलं होतं की त्यांच्याकडे असली पावडर टाकोत कुणी घालत नाही. मांस, मीठ, लिंबू, वर साल्सा म्हणजे त्यांची चटणी, झालं. खिमा आणि जिरं हा टेक्सासचा कारभार. मला त्यात कमीपणा वाटला नाही. तुमच्याजवळच्या न्यू ब्राउनफेल्समध्ये गेबहार्ट नावाचा जर्मन माणूस खाणावळ चालवायचा. मिरची बारा महिने मिळेना, म्हणून 1890 च्या दशकात त्यानं मेक्सिकोतून आंचो आणवली आणि घरच्या खिमा काढायच्या यंत्रातून घालून तिची पूड केली. 1896 मध्ये ‘ईगल’ हा छाप नोंदवला. पुढं सॅन अँटोनियोत कारखाना काढला. कांडपवाल्याचीच गोष्ट ती! तिथं दुकानात चिली पावडर म्हणून मिळते ती तेव्हापासून अशी मिश्रणाचीच, नुसती मिरची नव्हे. जिरं, ओरेगॅनो, लसूण सगळं आत असतं, काहींत मीठही. तयार आणलीस तर बाटलीची मागची बाजू वाच. आणि तिच्या जागी आपलं तिखट त्याच मापानं घालू नकोस, पिहू रडेल.

माप लिहून घे. आंचो आणि ग्वाहीयोची मिळून पूड 1 मोठा चमचा. भाजलेल्या जिऱ्याची पूड 2 लहान चमचे. पाप्रिका, म्हणजे तिकडची सौम्य लाल मिरचीपूड, 1 लहान चमचा. लसूण पावडर, कांदा पावडर, मिरपूड आणि ओरेगॅनो प्रत्येकी अर्धा. मक्याचं पीठ 1 लहान चमचा. ओरेगॅनो मेक्सिकन म्हणून मिळतो तो घे. पिझ्झावरचा वेगळा, त्याचं झाडच वेगळ्या कुळातलं. मेक्सिकन चुरडलास की ओव्याची आठवण येते. एवढं सगळं एका वेळच्या खिम्याला. खिमा परतून झाला की मसाला घालून मिनिटभर हलव, मग अर्धी वाटी पाणी, आणि आटू दे.

कृती मापापेक्षा महत्त्वाची. मिरचीचे देठ आणि बिया काढ. कोरड्या तव्यावर मंद आचेवर दाब देत भाज. वास सुटला की लगेच काढ, काळी पडली तर अख्खी बरणी कडू होईल. आंचो मऊच असते, तशीच दळलीस तर भांड्याला चिकटून बसेल. भाजल्यावर ओव्हन अगदी मंद ठेवून त्यात कडक होईपर्यंत वाळव, गार होऊ दे, मग कॉफीच्या ग्राइंडरमध्ये घाल. जिरं वेगळं भाज, मिरचीबरोबर नको, दोघांना आच वेगळी लागते. दळून झालं की झाकण लगेच उघडू नकोस, पूड बसू दे. खिडकी आधी उघड. आई तिथं फोडणी देताना तो छतावरचा धुराचा भोंगा वाजला आणि ती टॉवेल फिरवत राहिली, ते विसरली नसशील. बरणी काचेची, शेगडीपासून लांब, अंधारात. उजेडानं रंग उडतो. एका वेळी दोन महिन्यांचा कर, वर्षाचा नको.

बीपीचं मशीन घेतलंस का? घेणार असशील तर दंडाला बांधायचं घे, मनगटाचं नको. पाच मिनिटं गप्प बसून मग मोजायचं, लॅपटॉप पुढ्यात ठेवून नव्हे. 148 वर 94 हा आकडा छत्तिसाव्या वर्षी मला बरा वाटत नाही. तुमच्या अमेरिकेत 130 वर 80 लाच वाढलेलं म्हणतात. आपले डॉक्टर म्हणाले, मुलीला सांगा, बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही. आपला नाना बरं वाटतंय म्हणूनच सोडायचा. पुढचं तुला माहीत आहे. तू तेव्हा दहावीत होतीस, दवाखान्यातल्या बाकावर बसून भूगोल वाचत होतीस. आणि ते रात्रीचे कॉल. बढती मिळाली त्याचा मला काय आनंद झालाय! गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय, देसाईंना दोनदा. पण बारा वाजता कॉल आणि सहाला पिहूचा डबा, हे किती दिवस चालणार? तो निखिल...

राहू दे. रागावू नकोस. मसाल्याच्या कागदावर डॉक्टरकी नको म्हणालो होतो. तुझं तू बघतेस, मला कळतं. अठरा वर्षांची होतीस तेव्हाही बघत होतीस.

काल कांडपावर गेलो होतो. आता भाचाच बघतो, मी नुसता बसतो. उन्हाळा असल्यानं बायकांची रांग होती, भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन. एकीची पोरगी पोत्यावर बसून गणितं सोडवत होती आणि शिंकत होती. तू तशीच बसायचीस. तुझ्या वहीला तिखटाचा वास येतो म्हणून बाईंनी तुला मागच्या बाकावर बसवलं होतं. मी शाळेत जाऊन भांडणार होतो. तू म्हणालीस, पप्पा, मागून फळा दिसतो. मग मी गेलो नाही. कुठलं आडनाव घेऊन कोण आलंय, कुणाची चटणी भडक, कुणाची सौम्य, कुणाच्या पायलीत किती लवंगी, हे सगळं तुला पाठ होतं. हिशेब तू तोंडी करायचीस आणि मी वहीत. बायका पैसे तुझ्या हातात द्यायच्या, माझ्या नाही.

तर, चटणी. निखिलची मावशी पुढच्या महिन्यात येतेय, तिच्याबरोबर पाठवतोय. तुझी वेगळी कांडली आहे, बिनमिठाची. आई म्हणाली, अशी चटणी कोल्हापुरात कुणी करत नाही, लोक हसतील. मी गिऱ्हाइकं गेल्यावर रात्री कांडली. कांदा नेहमीपेक्षा कडक वाळवून तळलाय, तरी ती बाहेर टिकणार नाही. फ्रीजरमध्ये ठेव, लागेल तेवढीच चमच्यानं काढ. डब्यावर तुझं नाव लाल पेननं लिहिलंय. निखिलची नेहमीची आहे, ती वेगळी ठेव, अदलाबदल करू नका.

पिहूला मुका. निखिलला सांग, पप्पांनी आठवण काढलीय.

तुझे,
पप्पा

ता. क. टिनच्या डब्यातला राजमा वापरत असशील तर चाळणीत घेऊन नळाखाली चांगला धू, बरंचसं मीठ पाण्याबरोबर जातं. टॉर्टिया, म्हणजे टाकोच्या पोळ्या, मक्याच्या आण, मैद्याच्यात मीठ जास्त असतं. पिहूला मक्याच्या आवडत नसतील तर तिच्यापुरत्या मैद्याच्या आण. उरल्या तर निखिलला दे. तू खाऊ नकोस.