तिसरी ओळ माझी

जळगाव,
12 डिसेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतची धाग्याची लडीही. केळीचा घड कापल्यावर जे खोड बांधावर टाकायला आपण वर मजुरी मोजतो, त्यातून एवढा चकचकीत धागा निघतो! आईला दाखवला तर ती म्हणाली, "गजरा बांधायचं सोपट ना हे? याचे कोण पैसे देणार?" तिला उत्तर देता आलं नाही. ते आता तू दे.

पण यंत्रासाठी पैसे उभे करण्याबद्दल तू जे लिहिलंस, त्यातल्या एका वाक्यावर मी अडलो. "गावात एक रुपया मागणार नाही. इंटरनेटवर टाकतो, जग मोठं आहे." अरे भो, इंटरनेटवर लोकांकडून थोडे-थोडे पैसे जमवणं, दोन वर्षं पीएचडीसाठी मी हाच विषय चिवडतोय, आणि हे वाक्य मला पटत नाही.

ईथन मॉलिक नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने 2014 साली एक अभ्यास छापला. किकस्टार्टर म्हणजे असे पैसे जमवायची वेबसाइट, तिच्यावरचे सुमारे 48,500 प्रकल्प त्याने तपासले. तिथला नियम असा की ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण जमली तरच पैसे हातात पडतात, नाहीतर एक डॉलरही मिळत नाही. त्याला दिसलं की फसणारे काठावर येऊन फसत नाहीत. त्यांची गाडी सरासरी मागणीच्या दहा टक्क्यांपाशीच रुतते. जिंकणारे मात्र जेमतेम जिंकतात. आणि हे बघ: चित्रपटांच्या गटात फेसबुकवर 10 मित्र असलेल्याला यशाची शक्यता 9 टक्के, 100 वाल्याला 20, हजारवाल्याला 40. मित्र वाढवले की पैसा आपोआप येतो असं यातून सिद्ध होत नाही, आणि तिकडचं सगळं इकडे लागू पडतं असंही नाही. पण ज्याच्या मागे आधीपासून माणसं आहेत त्याच्याकडेच परकी माणसं वळतात, हे काही फक्त अमेरिकेतलं नाही.

मला त्याहून आवडला तो अग्रवाल, कॅटालिनी आणि गोल्डफार्ब या तिघांचा अभ्यास. ॲमस्टरडॅमला सेलाबँड नावाचा मंच होता. गायकाने तिथे अल्बमसाठी 50,000 डॉलर मागायचे आणि ऐकणाऱ्यांनी दहा-दहा डॉलरचे वाटे घ्यायचे. पैसे देणारा आणि गायक यांच्यातलं सरासरी अंतर निघालं सुमारे 5,000 किलोमीटर! तू म्हणशील, बघ, मी काय सांगत होतो? थांब. जवळचे लोक सुरुवातीलाच देत होते, किती जमलंय ते न बघता. लांबचे येत होते ते आकडा फुगल्यावर. आणि हे जवळचे कोण, ते खणून पाहिलं तर गायकाला आधीपासून ओळखणारे घरचे आणि मित्र. ते बाजूला काढले की जवळच्या-लांबच्या वागण्यातला फरक जवळपास उरलाच नाही.

आपल्याकडच्या लग्नात आहेराच्या वहीपाशी थोडा वेळ बस, हाच अभ्यास फुकटात होतो. येणारा आधी वहीत डोकावतो. मामाने किती लावले, चुलत्याने किती. मग खिशात हात घालतो. पहिलं पान कोरं असेल तर तोही अकरावर भागवतो.

आता खरं बोलतो, रागावू नकोस. तुला अनोळखी माणसं हवीत, कारण त्यांना तुझं आडनाव माहीत नाही. पतसंस्था बुडाली तेव्हा आपण अकरावीत होतो. तुझे नाना रोज संध्याकाळी सायकलवरून तिची पिग्मी गोळा करायचे, दहा-वीस रुपये आणि कार्डावर सही. आमच्या आईचे 38,000 त्यात गेले. ज्यांनी पैसे फिरवले ते कुठल्या कुठे राहिले, लोक मात्र नानांच्या ओट्यावर येऊन बसले. नानांनी दीड एकर विकून भाजीवाल्या बायकांचे, हमालांचे पैसे जमेल तसे फेडले. देणं त्यांचं नव्हतं. तू ते सगळं अपमान म्हणून लक्षात ठेवलंस. गावाने काय लक्षात ठेवलंय हे तू कधी विचारलंच नाहीस. मी परवा आईला विचारलं. ती म्हणाली, "पैसे गेले ते गेले. नाना दार लावून बसले नाहीत."

सगळेच असं बोलतील असं नाही. दोन-चार ओट्यांवर तुला ऐकून घ्यावं लागेल.

म्हणूनच कायद्याचं नीट वाच. गावकऱ्यांना "कंपनीत भाग देतो" असं चुकूनही बोलू नकोस. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2014 साली याविषयी चर्चेचा मसुदा काढला होता, पण 2016 मध्ये परवानगीशिवाय चालणाऱ्या अशा ऑनलाइन मंचांबद्दल गुंतवणूकदारांना इशाराच दिला. "व्याज देतो, पैसे ठेवा" हेही नको. नियमनाबाहेरच्या ठेवींवर 2019 च्या कायद्याने बंदी आहे, आणि नानांच्या मुलाने तर मुळीच नको. तुला उरते ती साधी आगाऊ विक्री. आज पैसे द्या, माल झाला की पिशवी नाहीतर चटई घ्या. पावती दे, तारीख घाल.

तारखेवरून आठवलं. अखजीला, अक्षय्य तृतीयेलाच, माल देतो असं तू लिहिलंयस. मॉलिकने पाहिलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांचा माल उशिरा पोचला होता, आणि त्यांच्याकडे थ्री फेज वीज रात्रीची येत नव्हती! यंत्र मार्चमध्ये येणार, हात बसायला दोन महिने, मग पावसाळ्यात धागा वाळणार कसा? दिवाळी सांग. आधी दिलास तर कोणी भांडायला येणार नाही.

मंचावर टाकायचंच तर गावातलं झाल्यावर टाक. मजकूर आधी मला दाखव. शुद्धलेखनाच्या चुका असलेले प्रकल्प जास्त फसतात असंही त्या अभ्यासात आहे, आणि तू अजून 'शुन्य' लिहितोस. व्हिडिओत वहिनींना बोलू दे, तू यंत्र चालव. कॅमेऱ्यासमोर तुझा चेहरा वसुलीला आल्यासारखा होतो. आणखी एक, पैसे सुरुवातीला येतात आणि मुदत संपताना येतात, मधे ओढ पडते. किकस्टार्टरवर कुप्पुस्वामी आणि बेयस यांना हेच दिसलं. तेव्हा पंधराव्या दिवशी मला फोन करून "सगळं संपलं" म्हणू नकोस.

रविवारी दुपारच्या गाडीने येतो. बामणोदची वांगी आणि तुराट्या तयार ठेव, भरीत मी भाजतो. काकूंना कळण्याच्या भाकरीचं सांग. जेवण झालं की नानांसमोर विषय मी काढणार नाही, तूच काढायचास.

नवी वही आणून ठेव, लाल कापडी बांधणीची. माझे पाच हजार मी पाकिटात घालून आणतोय, पण पहिली ओळ माझी नको. ती नानांची, अकरा रुपये का असेनात, आणि त्यांच्याच अक्षरात. दुसरी तुझ्या मोठ्या काकांची. त्या दोन भरल्या की तिसरीवर माझं नाव घाल.

तुझाच,
बाकावरचा सोबती

ता. क. लडी परत मागू नकोस. आईने त्या धाग्याने गजरा बांधला.