त्या फोटोत दोर दिसत नाही

मँचेस्टर, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आई, गेल्या आठवड्यात तू फोन मधेच ठेवलास. रेंज गेली नव्हती, मला कळलं. तो फोटो मी सांगून-सवरून पाठवायला हवा होता. मी कातळाला चिकटलेली, खाली तळ्याचं काळं पाणी, आणि काढणाऱ्याने असा कोन धरला की दोर माझ्या अंगाआड गेला. तू जे बघितलंस ते बघून कुठल्याही आईने फोन ठेवला असता. म्हणून सगळं नीट लिहून कळवते.

ती जागा वेल्समध्ये, इडवाल तळ्याच्या वर. इथून गाडीने दोनेक तास. तिथला दगडही ज्वालामुखीचाच, पण आपल्या सह्याद्रीहून कितीतरी जुना, साधारण पंचेचाळीस कोटी वर्षांचा. आपल्याकडे कड्याला आडवे थर, मधे मुरूम. हाताशी आलेला धोंडा हलवून बघितल्याशिवाय भार टाकायचा नाही, हे बाबांनीच शिकवलंय. इथला कातळ हिमनद्यांनी घासून तिरक्या पाटीसारखा करून ठेवलाय. पाऊल सपाट टेकवायचं आणि त्याच्यावर विश्वास ठेवून उभं राहायचं.

आता दोराचं. तुमचे जावई पुढे चढतात. मी खाली, कातळाला बांधून घेतलेली, त्यांचा दोर माझ्या कमरेच्या पट्ट्यातून हळूहळू सोडत असते. जाता जाता ते कपारीत धातूची पाचर बसवतात आणि तिच्यात दोर अडकवतात. ते घसरले तर शेवटच्या पाचरीखाली थोडंसं जाऊन थांबतील, कारण इकडे मी दोर आवळून धरलेला असतो. तसं पडण्याचा धोका माझ्या वाट्याला येतच नाही. ते वर पोचून स्वतःला बांधून घेतात, मग मला वरून ताणलेल्या दोरावर चढवतात. फोटोतली मी तशी होते, आई. पाय सुटला असता तर फार तर हातभर खाली आले असते.

आणि निघण्याआधी दर वेळी मी त्यांची गाठ ओढून बघते, ते माझी. बेळगावात शहापूरच्या घरी आज्जी पोहरा सोडण्याआधी गाठ दोनदा ओढायची ना, तसं. घाई असो, थंडी असो, हे चुकत नाही.

त्या वाटेचं नाव ‘होप’, म्हणजे आशा. ती १९१५ मध्ये पहिल्यांदा चढली गेली तेव्हा दोराच्या पुढच्या टोकाला एक बाई होत्या, श्रीमती डॅनिएल. त्या काळी असे पट्टे नाहीत, पाचरी नाहीत. तागाचा दोर कमरेला बांधायचा आणि पुढच्याने पडायचंच नाही. मी तिसऱ्या टप्प्यावर विसावले होते तेव्हा त्यांचाच विचार करत होते. वारा असला की आवाज पोचत नाही, शिवाय शेजारच्या वाटेवरही कुणी ना कुणी इंग्रजीत ओरडत असतं. म्हणून आमच्या हाका मराठीत. वरून “ये गं!” आलं की ती हाक माझीच, शंका नको.

बाबा, हे तुमच्यासाठी. इथे पाट्यांवर वेल्श वर आणि इंग्रजी खाली. रस्त्यावर ‘सावकाश’सुद्धा दोन भाषांत रंगवलेलं. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधल्या १७.८ टक्के लोकांनी आपल्याला वेल्श येतं असं सांगितलं, तरीही. स्नोडन म्हणून आपण भूगोलात शिकलो तो १०८५ मीटरचा डोंगर. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने ठरवलं की आता त्याचं मूळ नाव ‘अर विद्वा’ हेच वापरायचं. पहिल्यांदा ती पाटी बघितली तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. आपल्या येळ्ळूरच्या रस्त्यावर लहानपणापासून मराठी पाट्या वाचत, मोजत गेलेल्या माणसाला काय वाटलं असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काल त्याच डोंगरावर होतो. मनात होती ‘क्रीब गोख’, म्हणजे तांबडी धार. दोन्हीकडे दरी, मधे हात टेकत जायचं. पण खिंडीपर्यंत पोचलो (तिच्या नावाचा अर्थ डुकरांची खिंड) आणि वाऱ्याने मला दोनदा पाऊल बदलायला लावलं. त्यांना अजून थोडं वर जाऊन बघायचं होतं. मी म्हटलं, नको. आमचं ठरलेलं आहे की दोघांपैकी एकाने नको म्हटलं की फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही. त्यांनी विचारलं नाही. खाली जुन्या तांब्याच्या खाणीच्या वाटेवर तळ्याकाठी बसून डबा खाल्ला. तू पाठवलेल्या कुंद्याचा शेवटचा तुकडा तिथे संपला.

परतताना मला महिपाळगड आठवला. वैजनाथहून वर निघालो होतो, धुकं उतरलं आणि बाबांनी अर्ध्यातून माघारी फिरवलं. मी घरापर्यंत रडत होते. बाबा, तेव्हा तुमच्यावर धरलेला राग काल त्या खिंडीत गेला.

आई, शिट्टी दोघांच्याही पिशवीला असते. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, की मदत हवी हे ऐकणाऱ्याला कळतं. बचावपथकातली माणसं आपापली कामं सोडून बिनपगारी येतात. आजवर वाजवायची वेळ आली नाही.

डिसेंबरात पंधरा दिवस येतोय. एक सकाळ राजहंसगडासाठी ठेवा, आणि तूही चल की गं. गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढे माझा हात धर. दोर घेऊनच येणार आहे. अंगणात आंब्याला बांधून सगळं तुला दाखवते. गाठ तू ओढून बघ.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावणं चालू आहे का, ते कळव.

तुमची,
धाकटी