सोमवारी दार उघडणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापू नका, असं निघताना तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पत्र मात्र उघडंच लिहितेय. पाकिटात जपून ठेवलेल्या पत्रांचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलंच आहे.

तुमच्या संग्रहालयाच्या दारावर ‘सोमवारी बंद’ ही पाटी होती आणि आम्ही नेमके सोमवारी पोचलो. निवृत्तीनंतर घर आवरून मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायला लागल्याला चार वर्षं झाली, गावोगावची छोटी संग्रहालयं बघणं हाच आमचा उद्योग, तरी सोमवार काही लक्षात राहत नाही. ज्यांना रोजच रविवार, त्यांचं असंच व्हायचं. एरवी आम्ही मुकाट्याने मंगळवारची वाट बघतो. त्या दिवशी मी दार वाजवलं, कारण माझ्या हातातल्या बुटांच्या खोक्यातून पाणी ठिबकत होतं.

गाडीच्या छतावरच्या झरोक्याभोवतीचं फटी बुजवणारं सीलंट उन्हाने आणि रस्त्याच्या धक्क्यांनी तडकलं होतं. पाणी सरळ खाली पडलं असतं तर लगेच कळलं असतं. पण ते छताच्या आतल्या प्लायवरून सरकत, भिंतीच्या पोटातून उतरत थेट पलंगाखालच्या कप्प्यात गेलं. वरची गादी ठणठणीत कोरडी! घर मोडताना कपाटं, भांडी, पुस्तकं, सगळं वाटून टाकलं होतं. आईची पत्रं आणि फोटो तेवढे या खोक्यात ठेवले होते.

खोक्यात काय आहे हे तुम्ही विचारलंच नाहीत. ‘कधी भिजलं?’ एवढंच विचारलंत. परवा रात्रीचा पाऊस, म्हटल्यावर घड्याळाकडे बघितलंत आणि चप्पल काढून आत पळालात. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू लागते, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक होतं? हे तर हेअर ड्रायर घेऊन तुमच्या मागोमाग निघाले होते. ‘काका, तो आधी खाली ठेवा,’ हे तुम्ही ज्या आवाजात म्हणालात, तो आवाज मी चाळीस वर्षांच्या संसारात काढू शकले नाही.

पत्रं तुम्ही उघडू दिली नाहीत. ओल्या कागदाची घडी मोडली की तो घडीवरच फाटतो. सात-आठ पत्रांची एकेक चवड मेणकागदात गुंडाळलीत आणि फ्रीजरमध्ये ठेवलीत. संग्रहालयात फ्रीजर कशाला, हा प्रश्न माझ्या तोंडावर आलाच असणार. देणगीत आलेली लोकर, लाकूड, जुने कपडे पिशवीत बंद करून उणे 20 अंशांवर आठवडा-दोन आठवडे ठेवले की आतले किडे मरतात, म्हणून. आमच्या गाडीत हे जमलं नसतं. आमचा फ्रिज गॅसवरचा, अमोनियाचा. गाडी जराशी उतारावर उभी राहिली की आतला द्रव नीट परतत नाही आणि तो रुसतो. गोठवल्याने पत्रं वाळत नाहीत, नुसता वेळ मिळतो, असं तुम्ही म्हणालात. आम्हाला त्या घटकेला दुसरं काही नकोच होतं.

फोटोंना मात्र थांबवता येत नव्हतं. त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर फुगून ते एकमेकांना चिकटले होते. ओढून काढायला गेले तर तुम्ही माझा हात धरलात आणि अख्खा गठ्ठा थंड पाण्याच्या ट्रेमध्ये सोडलात. आधीच भिजलेली वस्तू पुन्हा पाण्यात! माझ्या पोटात गोळा आला. कोमट पाणी घालू का, असं यांनी विचारलं, तर कोमट पाण्याने चित्रच विरघळेल म्हणालात. अर्ध्या तासाने माझ्या भावाचा मुंजीतला फोटो पानासारखा अलगद सुटून वर आला. मग त्याच्या खालचा. चित्राच्या बाजूला बोट न लावता, कडेला धरून, पाणी बदलत बदलत आपण तेवीस फोटो सोडवले आणि तुमच्या मागच्या खोलीत दोरी बांधून प्लास्टिकच्या चिमट्यांनी टांगले. आमचं अख्खं खानदान ओळीने वाळत होतं.

त्यानंतर एकोणीस दिवस आमची गाडी तुमच्या मागच्या आवारात उभी राहिली. तुम्ही रोज थोडी पत्रं बाहेर काढायचात आणि ती टिपकागदात ठेवून, कागद बदलत वाळवायचो आपण. मी पांढरे हातमोजे मागितले तर तुम्ही हसलात. कागदाला स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे, मोज्यातून कडा कळत नाही आणि फाटतं. आईची शाईच्या पेनाने लिहिलेली पत्रं निळ्या ढगांसारखी पसरली. बॉलपेनची बरीचशी वाचता येतात. आणि एका पाकिटावर तिने पेन्सिलीने केलेला दूधवाल्याचा हिशेब मात्र जसाच्या तसा! पेन्सिल पाण्याला दाद देत नाही, म्हणूनच संग्रहालयवाले पेन्सिल वापरतात, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत.

यांची एक कबुली मलाच द्यावी लागेल, ते देणार नाहीत. चार वर्षं प्रत्येक संग्रहालयात ‘इथे दिवे लावायला काय होतं यांना’ म्हणून कुरकुरणारा आणि मोबाइलचा टॉर्च पाजळून पाट्या वाचणारा माणूस हाच. कागद आणि कापडासाठी 50 लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) प्रकाश ठेवायचा, कारण उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि परत भरून येत नाही, हे तुमच्याकडून ऐकल्यापासून टॉर्च खिशातच असतो. आता ते इतरांना रागे भरतात. हे जरा अतीच होतंय, पण असो.

फोटो वाळल्यावर तुम्ही वही घेऊन बसलात आणि एकेक फोटो पुढे करून ‘ही कोण?’ विचारू लागलात. तुमच्याकडे येणाऱ्या वस्तूंना जसा क्रमांक देता, वर्ष, मग त्या वर्षातली कितवी देणगी, मग त्यातली कितवी वस्तू, तसा आमच्या फोटोंनाही दिलात. आम्ही काही देणगी देत नव्हतो. तुमच्या काचेआड जाण्याच्या लायकीचं त्यात काही नव्हतं. तरी मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात, न दाबता तुम्ही आकडे घातलेत. सहा जणी मला ओळखता आल्या नाहीत. त्या रात्री मी फार वाईट झोपले. आईला विचारायला वीस वर्षं होती.

आता गाडीत आर्द्रतामापक टांगलाय. काटा साठ टक्क्यांच्या पुढे गेला की हे दोन्ही खिडक्या उघडतात, थंडी असली तरी. एक किलो गॅस जाळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, हा हिशेब त्यांनी स्वतः मांडला आणि आमच्या भिंती सकाळी का घामेजतात ते एकदाचं कळलं. झरोक्याचं सीलंट दर सहा महिन्यांनी तपासतो. खोका पलंगाखाली नाही, वरच्या फळीवर आहे, आणि तो बुटांचा नाही. तुम्ही दिलेला आम्लरहित पुठ्ठ्याचा आहे.

ट्रेमध्ये शेवटपर्यंत न सुटलेले ते दोन फोटो अजून तसेच आहेत, तोंडाला तोंड लावून. आधी कधीतरी भिजून वाळलेले असणार, असं तुम्ही म्हणाला होतात. मागच्या बाजूने उजेडाकडे धरलं की एक खुर्ची आणि एका बाईचा हात दिसतो, तेवढंच. ओढू नका म्हणालात, ओढलेले नाहीत. यांना अधूनमधून मोह होतो, तेव्हा मी तुमचा तो आवाज काढून बघते. अजून जमत नाही.

तुमची,
खोकेवाली काकू