पुसून टाकलेले एक्स-रे शिकाऊंना दाखवा

महोदय,

फिल्मच्या काळात एक्स-रे बिघडला की तो टोपलीत पडलेला सगळ्यांना दिसायचा. ज्येष्ठ तंत्रज्ञ तो व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म पाहण्याच्या उजेडाच्या पेटीवर, लावून शिकाऊ मुलांना विचारायचे, ‘सांगा, कुठे चुकलं?’ डिजिटल यंत्रावर मात्र चुकलेली प्रतिमा तिथल्या तिथे पुसतात आणि लगेच दुसरी काढतात. रुग्णाला दोनदा किरणोत्सर्ग होतो आणि शिकणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. रेडिओग्राफीच्या पदविका-पदवीचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयांत येतात, तेव्हा त्यांच्या शिकवणीत नेमकी हीच पोकळी राहते. म्हणून हे पत्र.

यंत्र एक्स्पोजर (किरणांचा मारा) कमी-जास्त झाले तर बऱ्याच अंशी सांभाळून घेते. तिरके उभे राहिलेले शरीर मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सरळ करू शकत नाही.

रोज सर्वांत जास्त निघतो तो छातीचा पीए व्ह्यू, म्हणजे किरण पाठीकडून सोडून काढलेला एक्स-रे, आणि सोपा समजला जातो म्हणून तोच सर्वांत जास्त बिघडतो. रुग्ण डिटेक्टरकडे (प्रतिमा टिपणाऱ्या पाटीकडे) तोंड करून उभा, किरण सोडणारी ट्यूब १८० सेंटिमीटरवर, हनुवटी वर, तळहात मागे वळवून कंबरेवर, खांदे सैल सोडून पुढे टेकवलेले. खांदे पुढे आणायचे ते पाठीवरची खवाट्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरकावीत म्हणून. एवढे कारण कळले की विद्यार्थी ही पायरी विसरत नाही. किरणांचा मध्य सातव्या थोरॅसिक (छातीच्या) मणक्यावर हवा. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो ठसठशीत मणका हाताला लागतो, त्याच्या खाली साधारण १८ ते २० सेंटिमीटरवर तो असतो. एक्स्पोजर दुसऱ्या खोल श्वासाला द्यावे. पहिल्या श्वासाला बहुतेक रुग्ण अर्धाच श्वास घेतात.

प्रतिमा आली की आधी मोजायचे. डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) वर पाठीमागच्या नऊ-दहा बरगड्या दिसायला हव्यात. त्या सातच दिसल्या तर हृदय मोठे वाटते, फुप्फुसांचा तळ धूसर होतो आणि निरोगी माणसाला न्यूमोनियाचा संशय चिकटतो. मग दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याजवळच्या हाडांची) आतली टोके मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहायचे. नसतील तर रुग्ण वळलेला होता. अशा वेळी एक फुप्फुस दुसऱ्यापेक्षा काळे दिसते आणि वाचणारा फसतो. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुप्फुसाच्या वरच्या भागात डागासारखी उमटते. क्षयरोगाची तपासणी चालू असताना तेवढ्यावरून केवढा घोळ होईल! वेणी वर बांधायला सांगणे, मंगळसूत्र, ताईत, सेफ्टी पिन काढायला लावणे आणि त्यासाठी आडोसा व गाऊन देणे, हा पोझिशनिंगचाच, म्हणजे रुग्णाला योग्य स्थितीत ठेवण्याचाच, भाग आहे.

खाटेवरच्या रुग्णाचा एपी व्ह्यू (किरण समोरून सोडून काढलेला) साधारण १०० सेंटिमीटरवरून निघतो. हृदय डिटेक्टरपासून लांब राहते आणि मोठे दिसते. म्हणून प्रतिमेवर ‘एपी, झोपून’ अशी नोंद हवीच.

खुब्याच्या एक्स-रेत चूक आणखी महाग पडते. उताणे झोपल्यावर पाय आपोआप बाहेर वळतात. तसाच एक्स-रे काढला तर मांडीच्या हाडाची मान आखूड दिसते आणि बारीक फ्रॅक्चर नजरेतून सुटते. पावले १५ ते २० अंश आत वळवून टाचांमध्ये अंतर ठेवले की मान पूर्ण लांबीने दिसते. पण पडलेल्या वृद्ध रुग्णाचा पाय आखूड होऊन बाहेर वळलेला असेल, तर त्या पायाला मुळीच वळवायचे नाही. आहे तसा एपी घ्यावा आणि लॅटरलसाठी (बाजूने काढायच्या एक्स-रेसाठी) दुसरा पाय उचलून किरण आडवे सोडावेत. नियम कधी मोडायचा हेही शिकवावे लागते, आणि ते पुस्तकाच्या आकृतीवरून उमगत नाही.

मुलांच्या कोपराच्या लॅटरलचेही तसेच. कोपर ९० अंशांत, अंगठा वर, खांदा-कोपर-मनगट एकाच पातळीत. टेबल उंच आणि स्टूल बुटके असेल तर हे जमतच नाही. हात सरळ राहिला तर मागची चरबीची रेघ इजा नसतानाही दिसू शकते. नीट वाकवलेल्या कोपरात तीच रेघ लपलेल्या फ्रॅक्चरची खूण असते.

आणखी एक वाईट सवय पसरते आहे. किरणांचे क्षेत्र आखणारा कॉलिमेटर पूर्ण उघडा ठेवून नंतर पडद्यावर प्रतिमा कापायची. चित्र नेटके दिसते, पण कापलेल्या भागावर किरण पडलेले असतातच, आणि विखुरलेल्या किरणांनी प्रतिमेचा उठाव कमी होतो तो वेगळाच. डावे-उजवेही नंतर माउसने लिहितात. शिशाचा मार्कर एक्स्पोजरआधी क्षेत्रात ठेवला तर प्रतिमा उलटी झाली तरी चूक पकडता येते.

महाविद्यालयांनी आणि रुग्णालयांनी तीन गोष्टी कराव्यात. रुग्णासमोर उभे करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना यंत्र बंद ठेवून एकमेकांवर, संमतीने, हाडांच्या खुणा हाताने ओळखायला लावाव्यात. एक्स्पोजरचा सराव मात्र फक्त फँटमवर (शरीराच्या नमुन्यावर). शिकाऊंना रुग्ण धरून ठेवायला उभे करणे बंद करावे. आधी आधार, वाळूच्या पिशव्या, पट्टे वापरावेत. धरणे अगदीच अटळ असेल तर लेड एप्रन घातलेल्या, गरोदर नसलेल्या नातेवाइकाने धरावे.

आणि नाकारलेली प्रत्येक प्रतिमा पुसण्याऐवजी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. शेजारी नोंदवही असावी : कोणता व्ह्यू, नाकारण्याचे कारण, दुसऱ्यांदा काय बदलले. रुग्णाचे नाव झाकून आठवड्यातून एक तास ज्येष्ठ तंत्रज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट यांनी त्या प्रतिमा विद्यार्थ्यांसमोर उघडाव्यात. नोंदवहीत चूक करणाऱ्याचे नाव लिहू नये. ते लिहिले तर लोक पुन्हा पुसायला लागतील.

— एक क्ष-किरण तंत्रज्ञ, मिरज